तोंड तरी धुऊ द्यायचं

“तोंड तरी धुऊ द्यायचं व्हतं त्यांना.”

एवढंच बोलून आई पुढच्या चित्राकडे वळली. अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात ‘बटाटे खाणारे’ या चित्रासमोर आम्ही दोघी उभ्या होतो. आजूबाजूला पाच-सहा भाषांतली कुजबुज, कानाला यंत्र लावून ऐकणारी माणसं, आणि त्यांच्या मधोमध स्वेटरवरून पदर घट्ट खोचलेली, पायात माझे जुने बूट घातलेली माझी आई. सकाळी आइंडहोवनहून निघतानाच मी तिला सांगून ठेवलं होतं, आज एक चित्र दाखवणार आहे, बटाट्याचं आहे, तुला आवडेल. आमचं गाव आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावरचं. खरिपाला ते सगळं पठार बटाट्यानं हिरवं होतं आणि आईची चाळीस वर्षं त्या सऱ्यांमध्ये वाकून गेलीत. मला वाटलं होतं, ओळखीचं कुणी भेटावं तशी ती हसेल. ती थांबली खरी. आधी तिनं मधल्या ताटाकडे पाहिलं आणि “नुसतेच खातेत? कालवण न्हाई?” असं विचारलं. मग कॉफी ओतणाऱ्या बाईच्या हातांकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग एकेक करून चौघांच्या चेहऱ्यांकडे. पाचवी मुलगी पाठमोरी आहे, तिचा चेहरा दिसत नाही. आणि मग ते वाक्य.

परतीच्या गाडीत आई खिडकीला डोकं टेकून झोपली. बाहेर सपाट हिरवी कुरणं, पाण्याचे सरळ चर, काळ्यापांढऱ्या गाई मागे पळत होत्या आणि मी मनातल्या मनात तिच्याशी वाद घालत होते. अगं, तेच तर त्याला नको होतं! ३० एप्रिल १८८५ ला चित्रकारानं, व्हिन्सेंट व्हॅन गॉगनं, आपल्या भावाला, तेओला, लिहिलेलं पत्र मला जवळजवळ पाठ आहे. दिव्याच्या उजेडात बटाटे खाणाऱ्या या माणसांनी ताटात घातलेल्या याच हातांनी जमीन खणलीय, त्यांनी आपलं अन्न प्रामाणिकपणे कमावलंय, हे चित्रातून कळलं पाहिजे, असं त्यात आहे. रविवारी चर्चला जाताना साहेबी कोट चढवलेल्या शेतकऱ्यापेक्षा शेतातल्या जाड्याभरड्या कपड्यातला शेतकरी अधिक सुंदर दिसतो, हेही त्याच पत्रात आहे. धुळीनं माखलेला, ठिगळं लावलेला निळा झगा घातलेली शेतकऱ्याची पोर त्याला कुठल्याही बड्या घरच्या बाईपेक्षा देखणी वाटायची. तिनं बड्या बाईचा पोशाख केला की तिच्यातलं अस्सल काही हरवतं, असं त्याचं म्हणणं. शेतकऱ्याच्या चित्राला डुकराच्या चरबीचा, धुराचा, बटाट्याच्या वाफेचा वास आला तर येऊ दे, तबेल्याला शेणाचा वास यायचाच. शेताला पिकल्या गव्हाचा, बटाट्याचा, खताचा वास असतो आणि तो चांगलाच असतो, शहरातल्या माणसांसाठी तर विशेषच.

शहरातल्या माणसांसाठी. हे शब्द मी इतक्या वेळा वाचले होते, पण त्या गाडीत ते पहिल्यांदा टोचले.

चित्र कसं झालं ते आठवायला लागले. १८८३ च्या डिसेंबरात व्हिन्सेंट न्यूनेनला आईवडिलांकडे राहायला आला. वडील तिथल्या छोट्याशा प्रोटेस्टंट चर्चचे पाद्री, गाव बहुतेक सगळं कॅथलिक. पुढच्या हिवाळ्यात त्यानं झपाटल्यासारखी शेतकऱ्यांची तोंडं रंगवली, पांढऱ्या टोप्यांतल्या बाया, टोप्या घातलेले बापे, चाळीसहून जास्त. मार्च १८८५ मध्ये वडील अचानक गेले. एप्रिलमध्ये तो संध्याकाळी डे ग्रूट कुटुंबाच्या झोपडीत जाऊन बसायला लागला. आत एकच दिवा. त्या दिव्याचा पिवळा डाग आणि बाकी सगळीकडे धूर. चित्र जेमतेम ८२ सेंटिमीटर उंच आणि ११४ रुंद, पण त्या झोपडीतली हवा त्यात इतकी दाट आहे, की समोर उभं राहिलं की आपल्यालाही श्वास जपून घ्यावासा वाटतो. डावीकडच्या खुर्चीच्या पाठीवर त्यानं आपलं नाव लिहिलंय, फक्त ‘व्हिन्सेंट’. भिंतीवर घड्याळ आहे, क्रुसावरच्या येशूचं छोटं चित्र आहे. आणि त्या खडबडीत, गाठाळ बोटांच्या टोकांशी जेवणाचे काटे आहेत, तेही नीट, अदबीनं धरलेले. मळक्या हातांतला तो काटा धरण्याचा नीटपणा मला फार आवडतो. भुकेनं दमलेली माणसं एकमेकांना सांभाळून, एका ताटातून, घाई न करता जेवतायत.

आणि तरी आई म्हणाली ते खरंच होतं, अगदी शब्दशः खरं. कारण हे चेहरे आधी उजळ होते! पहिल्यांदा त्यानं ते नेहमीच्या कातडीच्या रंगात, पांढरा, पिवळा आणि तांबडा गेरू मिसळून रंगवून पुरे केले होते. मग त्याला ते फार गोरे वाटले. त्यानं तेओला कळवलं, की जराही दयामाया न दाखवता मी सगळी डोकी पुन्हा रंगवून काढली आणि आता त्यांचा रंग चांगल्या धुळकट बटाट्यासारखा झालाय, न सोललेल्या बटाट्यासारखा. म्हणजे तोंडं धुतलेलीच होती. त्यानं ती मळवली. आईला यातलं काहीएक माहीत नव्हतं. तिला फक्त दिसलं.

हे चित्र सोनेरी चौकटीतच शोभेल, नाहीतर पिकल्या गव्हाच्या रंगाच्या भिंतीवर, असंही तो सांगतो. बटाट्याच्या रंगाची माणसं आणि भोवती सोनं. यात मला कुठेही कुचेष्टा दिसत नाही. ते सोनं त्याला मनापासून द्यायचं होतं. पण चौकट कुणाच्या भिंतीवर लागणार, हा प्रश्न उरतोच.

भिंतीचा हा प्रश्न डच चित्रांमध्ये फार जुना आहे. या देशात सतराव्या शतकात राजेरजवाड्यांपेक्षा व्यापाऱ्यांनीच चित्रं जास्त विकत घेतली. पीटर मंडी नावाचा इंग्रज प्रवासी १६४० मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला आला, तेव्हा लोहाराच्या भट्टीशेजारी आणि चांभाराच्या दुकानातही चित्र टांगलेलं असतं, हे पाहून चकित झाला. पण चित्र विकत घेणं वेगळं आणि स्वतःचं चित्र काढून घेणं वेगळं. रेम्ब्रांटनं १६३४ मध्ये रंगवलेली मार्टेन आणि ओप्येन ही नवराबायकोची जोडी मी इथे आले त्या वर्षी पाहिली. नेदरलँड्स आणि फ्रान्स या दोन देशांनी मिळून २०१६ मध्ये ती १६ कोटी युरोंना घेतली. दोघंही डोक्यापासून पायापर्यंत, खऱ्या माणसाएवढी. मार्टेनच्या बुटांवर लेसची फुलं, तीही एखाद्या कोबीच्या गड्ड्याएवढी, ओप्येनच्या गळ्यात मोत्यांचे पदर, हातात काळ्या पिसांचा पंखा. मार्टेनच्या वडिलांचा साखरेचा कारखाना होता आणि ती साखर ब्राझीलमधल्या गुलामांच्या कष्टांतून आलेली होती. त्या दोघांनी आपण काय घालायचं, कसं उभं राहायचं, काय दिसू द्यायचं आणि काय नाही, हे सगळं स्वतः ठरवलं. पैसे त्यांचे होते, त्यामुळे तोंड धुवायला त्यांना हवा तेवढा वेळ मिळाला.

त्याच काळात हार्लेमला एड्रियन व्हॅन ओस्टाडे शेतकरी रंगवत होता. त्याच्या तरुणपणीच्या चित्रांत अंधारी गुत्ते, पडके गोठे, दारू पिऊन एकमेकांच्या अंगावर धावणारी माणसं, आखूड पाय, बटाट्यासारखी नाकं. ही चित्रं शेतकऱ्यानं स्वतःसाठी काढवून घेतलेली नव्हती. ती शहरात विकली जायची, नीटनेटक्या दिवाणखान्यात लागायची आणि पाहणाऱ्याला आपण असे नाही याचं समाधान द्यायची. ओस्टाडेचा हात पुढे निवळला. १६६० नंतरच्या त्याच्या चित्रांत शेतकऱ्याच्या घरात खिडकीतून ऊन येतं, बाळाला भरवलं जातं, बाप शांत बसलेला असतो. मला त्याचं हे म्हातारपणीचं मवाळ होणं आवडतं. पण या माणसांना नाव मात्र त्यानं कधी दिलं नाही. तो रिवाजच नव्हता.

अ‍ॅमस्टरडॅमच्याच राइक्सम्युझियममध्ये, जुन्या डच चित्रांच्या मोठ्या संग्रहालयात, आई दमली होती, बहुतेक चित्रांसमोरून ती सभ्यपणे, देवळात प्रदक्षिणा घालावी तशी चालत गेली. त्याच सतराव्या शतकातल्या फर्मेर या चित्रकाराच्या ‘दूधवाली’पाशी मात्र थांबली. तसं चित्र लहानसंच आहे, दीड फुटाच्या आतबाहेर. एक मोलकरीण मातीच्या भांड्यात दूध ओततेय, टेबलावर पावाचे तुकडे, भिंतीत एक खिळा आणि त्याची सावली. लोक त्या निळ्या-पिवळ्या रंगाबद्दल बोलतात, मीही बोलायला लागले होते. आईनं बोटानं हवेतच तिच्या बाहीकडे दाखवलं. “हे बघ. बाही वर सारलीय, तितं गोरी हाये. खाली हात रापलाय.” मी याआधी किमान चार वेळा त्या चित्रासमोर उभी राहिले असेन. मला कधी दिसलं नव्हतं. कोपराखालची कातडी फिकी आणि मनगटाकडे, पंजाकडे ती लालसर, राबलेली. आईनं स्वतःचा स्वेटर वर सारून बांगड्यांच्या खालचा तिचा पांढरा पट्टा मला दाखवला आणि दोघी मोलकरणींची ओळख पटल्यासारखी मान हलवली. फर्मेरनं त्या बाईचं तोंड मळवलं नाही. कपडे कामाचे, हात कामाचे, पण तोंड स्वच्छ आणि मन लावून काम करणारं. अर्थात ते घर तिचं नव्हतं आणि ते दूधही तिचं नव्हतं.

मी आइंडहोवनला राहते. इथे आता मराठी माणसं इतकी झालीत, की गणपतीला ढोलपथक असतं आणि शनिवारी दुकानात कढीपत्त्यासाठी घाई करावी लागते. न्यूनेन इथून सायकलनं अर्ध्या तासावर. आम्ही सगळे चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या जगात काम करतो आणि हा सुबत्तेचा भाग एकेकाळी देशातला गरीब कोपरा होता, हे पटकन खरं वाटत नाही. हॉलंडच्या पोल्डरमधला, म्हणजे पाणी हटवून केलेल्या जमिनीवरचा, दूधदुभत्याचा शेतकरी खाऊनपिऊन सुखी होता, आमच्या या ब्राबांट प्रांताची जमीन मात्र वाळूची, पोटापुरतीच पिकणारी. १६४८ नंतर हा कॅथलिक मुलूख हेगमधून चालवला गेला आणि तिथल्या सभेत त्याचा एकही प्रतिनिधी नव्हता. ‘बटाटे खाणारे’ मधली माणसं या वाळूतली आहेत. आणि याच आइंडहोवनमध्ये १८८४ साली हेर्मान्स नावाच्या एका निवृत्त सोनाराला आपल्या जेवणघराच्या भिंतींवर संतांची चित्रं हवी होती. व्हिन्सेंटनं त्याला समजावलं, की तुमच्या टेबलाशी बसणाऱ्या भल्या माणसांची भूक संतांपेक्षा इथल्या शेतकऱ्यांच्या सहा चित्रांनी जास्त खुलेल. नांगरणी, पेरणी, कापणी, वादळातला मेंढपाळ, बर्फातली लाकडं, आणि बटाट्याची लागवड. सोनार तयार झाला. बाहेर वाळूत वाकून बटाटे लावणाऱ्या बाया आणि आत त्यांच्या चित्राखाली वाढलेली पानं. व्हिन्सेंटला संतांच्या जागी शेतकरी बसवायचे होते, हे किती मोठं पाऊल होतं ते मला कळतं. मी त्याच्यावर जीव लावते तो यासाठीच. पण त्या जेवणघरात भूक कुणाची खुलणार होती, हेही मला आता विसरता येत नाही.

कारण मीही हेच केलंय.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना एका मैत्रिणीचा कॅमेरा घेऊन मी गावी आले होते. सप्टेंबर, काढणीचे दिवस. रात्री पाऊस पडून गेलेला, जमीन चिकट. आई सरीत उकिडवी बसून बटाटे वेचत होती, दोन्ही हात मनगटापर्यंत मातीत, गालावर चिखलाचा ओरखडा, केसांची बट कपाळाला चिकटलेली. तिनं वर बघितलं आणि मी बटण दाबलं. फोटो काळापांढरा होता, मी त्याला ‘माती’ असं नाव दिलं. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं, पाचशे रुपये. आईबाबा मुद्दाम एसटीनं पुण्याला आले. हॉलमध्ये तो फोटो मोठा करून लावला होता, दारातून आत शिरताच समोर तोच. पाहुणे त्याच्यापुढे उभे राहून काय चेहरा आहे, काय रेषा आहेत, असं म्हणत होते. त्यांच्या मागे तीन हातांवर आई उभी होती, ठेवणीतली जांभळी साडी नेसून, पावडर लावून, आणि तिला कुणीही ओळखलं नाही. तिनं पदर तोंडापाशी धरला होता. मला वाटलं तिला भरून आलंय. परतताना एसटी स्टँडवर ती एवढंच म्हणाली, “सांगितलं असतंस तर तोंड धुतलं असतं.” मी हसले होते. तिला समजावलं होतं, की अगं, तेच तर सुंदर आहे.

आमच्या घरी भिंतीवर तिचा एकच फोटो आहे. मंचरच्या स्टुडिओत काढलेला. मागे पडद्यावर रंगवलेला धबधबा, शेजारी उंच स्टुलावर प्लास्टिकची फुलं, हिरवी साडी, हातात रुमाल. इतकी ताठ बसलीय, की श्वास रोखल्यासारखी वाटते. मला तो फोटो खोटा वाटायचा. आता वाटतं, मार्टेन आणि ओप्येनच्या रांगेत लावायचा तर तो लावायला हवा.

पुढच्या रविवारी मी तिला न्यूनेनला नेलं. बसनं. आठ कोनांचं ते लहानसं चर्च, पाद्रीबाबांचं घर, चौकातली जुनी झाडं. शेतकऱ्यांच्या दफनभूमीतला जो पडका मनोरा त्यानं पुन्हा पुन्हा रंगवला, तो १८८५ मध्येच पाडला गेला. ज्या जमिनीत हयातभर राबले तिच्यातच शेतकरी पिढ्यान् पिढ्या पुरले जातात, हे त्याला त्या चित्रात सांगायचं होतं. आईला ते लगेच कळलं, आमच्याकडेही शेताच्या बांधालाच समाध्या आहेत. मग बागेत आलो. तिथे ‘बटाटे खाणारे’ ब्राँझमध्ये घडवून ठेवलेत, टेबलासकट. चित्रातून उठून ते उघड्यावर जेवायला बसल्यासारखे वाटतात. टेबलाभोवती फिरता येतं. आई फिरली. आणि सरळ त्या पाठमोऱ्या मुलीच्या समोरच्या बाजूला गेली, तिचा चेहरा बघायला.

आम्ही बाकावर बसलो. मी तिला गॉर्डिनाची गोष्ट सांगितली. टेबलाशी बसलेली, पांढऱ्या टोपीतली, तिशीची गॉर्डिना डे ग्रूट. तिचं नाव आपल्याला माहीत आहे, ओस्टाडेच्या माणसांना तेवढंही मिळालं नाही. चित्र झालं त्या उन्हाळ्यात तिला दिवस गेल्याचं गावाला कळलं, लग्न झालेलं नव्हतं, आणि संशय चित्रकारावर आला. आपला काही संबंध नाही, असं त्यानं तेओला कळवलं. कॅथलिक पाद्रीनं गावाला बजावलं, या माणसासमोर चित्रासाठी बसायचं नाही, नाही बसलात तर पैसेही देईन. त्यावर लोक काय म्हणाले तेही व्हिन्सेंटनं लिहून ठेवलंय. तुमच्याकडे भीक मागण्यापेक्षा याच्याकडून कमावलेलं बरं. तरी पुढे त्याला बसायला माणसं मिळेनात. नोव्हेंबरात तो अँटवर्पला निघून गेला, परत आला नाही. त्याचा मित्र अँटन व्हॅन रापार्ड, सरदार घराण्यातला, त्यानं या चित्राचा छाप पाहून नाकं चुकली, हात आखूड झाले, कॉफी ओतणारीचं काय केलंस, असं सुनावलं होतं आणि मैत्री तिथेच विस्कटली. दोन वर्षांनी पॅरिसहून बहिणीला लिहिताना मात्र व्हिन्सेंट म्हणतो, की मी केलेल्यातलं बटाटे खाणाऱ्या शेतकऱ्यांचं ते चित्रच सगळ्यात चांगलं.

आईनं बाकीचं फारसं ऐकलं नसावं. तिच्या मनात एकच गोष्ट अडकली होती.

“म्हंजे पैसं दिलं त्यानं?”

“दिले. बसायचे पैसे द्यायचा तो सगळ्यांना. भाऊ पाठवायचा त्यातून.”

“मग बरं.” ती थोडा वेळ ब्राँझच्या टेबलाकडे बघत राहिली. वाऱ्यानं तिचा पदर सुटला, तो तिनं पुन्हा खोचला. “आन् ती पाठमोरी? तिचं तर तोंडबी न्हाई आलं. तिला दिलं का?”

मी म्हटलं, एकाच घरची माणसं गं ती, घरात दिले असतील. आणि मग, कशी कोण जाणे, मी तिला ते पाचशे रुपये बोलून दाखवले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तुझ्या तोंडाचे पैसे होते आई ते, मी त्यातून कॅमेऱ्याचे रोल आणले, मेसचं बिल भरलं, तुला काही दिलं नाही.

“दिलंस की,” आई म्हणाली. “चप्पल आणलीवतीस दिवाळीला. लाल पट्ट्याची.”

मला काही आठवत नव्हतं.

“एक नंबर ल्हान व्हती. टाच बाहेर यायची.” तिनं पायातल्या माझ्या बुटांकडे पाहिलं. “घातली मी पण. दोन वर्सं घातली.”